टाहो रिम ट्रेल, पूर्वेकडची धार: टाहो मेडोज ते स्पूनर समिट (पाणी, वाट, मुक्काम)

आडवाट

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या मंडळींचे टाहोच्या धारेबद्दलचे प्रश्न दर उन्हाळ्यात चार धाग्यांत विखुरतात. म्हणून एकच धागा काढतोय. विषय मर्यादित आहे: टाहो रिम ट्रेलचा फक्त पूर्वेकडचा तुकडा, माउंट रोझ महामार्गावरच्या (नेवाडा ४३१) टाहो मेडोजपासून यूएस ५० वरच्या स्पूनर समिटपर्यंत. साधारण २३ मैल.

अख्खी वाट कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या लेक टाहोभोवती १६५ मैलांचं वर्तुळ काढते. काम १९८४ मध्ये सुरू झालं आणि वर्तुळ २००१ मध्ये पूर्ण झालं. पश्चिमेला ५० मैलांच्या आसपास ती पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलबरोबरच (मेक्सिकोपासून कॅनडापर्यंतची लांब पायवाट) चालते. तिकडे ओढे, तळी, गर्द झाडी, सगळं आहे. पूर्वेला ती कार्सन रेंजच्या माथ्यावरून जाते आणि तिथली गोष्ट वेगळी.

मेडोजहून दक्षिणेला निघालात की उजव्या हाताला टाहो: २२ मैल लांब, १२ मैल रुंद, १,६४५ फूट खोल, पाण्याची पातळी ६,२२५ फूट. डाव्या हाताला वॉशो खोरं, तपकिरी, सेजब्रशचं (कोरड्या मुलखातलं झुडूप). वाट बहुतेक ८,००० ते ९,००० फुटांवर. दिवसभर इतकं पाणी डोळ्यांसमोर असतं की बाटली भरून घ्यायचं भानच राहत नाही. वाटेवर मात्र भरवशाची जागा एकच, तीही अर्ध्यावर.

टप्पे असे:

मेडोज (८,७०० फुटांच्या आसपास). सुरुवातीलाच ऑफिर क्रीक. इथे सगळं भरून घ्या. मग जंगलातून चढ-उतार करत वाट डायमंड पीकच्या धारेवर येते. इथून दोन्ही बाजू एकदम दिसतात. नवव्या मैलाच्या सुमारास टनेल क्रीक रस्ता वाटेला छेदतो. त्याच्या दक्षिणेला लागूनच ट्विन लेक्स. नाव मोठं आहे, पण ती उथळ डबकी आहेत. ऑगस्टनंतर त्यांच्यावर विसंबू नका.

तिथून चढ. वर क्रिस्टोफर्स लूप नावाचा मैलाहून थोडा मोठा फाटा आहे. अंगात दम असेल तर नक्की घ्या, सँड हार्बरचं हिरवंनिळं पाणी थेट पायाखाली दिसतं. तेराव्या मैलाच्या आसपास मार्लेट पीक कॅम्पग्राउंड आणि तिथला हापसा. मग हॉबार्ट रस्ता ओलांडून शेवटचा मोठा चढ, स्नो व्हॅली पीकच्या खांद्यावर (शिखर ९,२१४ फूट, वाट त्याच्या थोडी खालून). पुढे स्पूनरपर्यंत (७,१५० फूट) जवळजवळ सगळा उतार.

सुरुवातीपेक्षा शेवट दीडेक हजार फूट खाली असला तरी एकूण चढ तीनेक हजार फूट होतो. "उताराचीच वाट आहे" असं कोणी सांगितलं तर मनावर घेऊ नका.

निळावंती

फार उपयोगी. दोन प्रश्न. हे एका दिवसात करावं की मुक्काम करावा? आणि पाणी नक्की किती? सह्याद्रीत तीन लिटरांवर दिवस निघतो.

आडवाट

एक की दोन दिवस, याला सोपी कसोटी आहे. घरच्या डोंगरात १५ मैल आणि अडीच हजार फूट चढ सात तासांत, थांबे धरून, होतो का? होत असेल तर एका दिवसात हे दहा-अकरा तासांत जमेल. नसेल होत तर मार्लेट पीकला मुक्काम करा. ती जागा बरोबर मध्यावर आहे आणि सूर्यास्ताला धार तुमच्या एकट्याची असते.

पाण्याचा हिशेब तासांवर करा. सावलीत, गार हवेत ताशी अर्धा लिटर. जुलै-ऑगस्टच्या दुपारी उघड्या धारेवर पाऊण लिटर. मेडोज ते हापसा तेरा मैल, म्हणजे सहा तास: चार लिटर. हापशापासून स्पूनर दहा मैल, म्हणजे साडेचार तास, त्यातला चढ ऐन दुपारी: तीन लिटर. म्हणजे मेडोजहून निघताना चार लिटर, आणि एक रिकामी मऊ पिशवी सोबत. चार लिटर म्हणजे पाठीवर चार किलो, पण पहिल्या तीन तासांत दोन किलो कमी होतात.

सह्याद्रीचा हिशेब इथे लागू नाही. तिथे घाम दिसतो, टपकतो. इथे हवा इतकी कोरडी की घाम जागच्या जागी उडून जातो. शर्ट कोरडाच राहतो आणि लोकांना वाटतं घाम येतच नाहीये. संध्याकाळी शर्टावर मिठाचे पांढरे ओघळ दिसतात.

गारगोटी

ही धार इतकी कोरडी का, हे समजलं की नकाशाकडे बघून पाण्याचा अंदाज घेता येतो, म्हणून थोडं लिहितो.

पाऊस (म्हणजे मुख्यतः हिवाळ्यातला बर्फ) पॅसिफिकवरून पश्चिमेकडून येतो. सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या मुख्य माथ्यावर चढताना तो बहुतेक रिता होतो. टाहो खोऱ्याच्या पश्चिमेकडच्या पाणलोटात वर्षाला सरासरी ५५ इंचांहून जास्त, पूर्व किनाऱ्यावर २६ इंचांच्या आसपास. धार ओलांडून कार्सन सिटीत उतरलात की १० इंचांच्या घरात. महाबळेश्वराहून वाईला आणि वाईहून माण तालुक्यात उतरण्यासारखंच, फक्त ऋतू उलटा. इथे पावसाळा नोव्हेंबर ते एप्रिल आणि उन्हाळा ठणठणीत कोरडा.

दुसरं कारण खडक. पायाखाली ग्रॅनाइट आहे, तोही कुजून वाळूसारखा झालेला. बर्फ वितळला की पाणी त्यात मुरतं आणि खाली कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. माथ्यावर राहत नाही. शिवाय माथ्याला वरून पाणी पुरवायला डोंगरच नाही. म्हणून कार्सन रेंजवर पाणी हवं तर धारेवर शोधू नका, पाच-सातशे फूट खाली ओघळीत शोधा. आणि खाली उतरलात की तेवढं परत चढायचं, हेही हिशेबात धरा.

आपल्या किल्ल्यांवर माथ्यावरही बेसॉल्टच्या कातळात खोदलेली टाकी सापडतात, त्यामुळे "वर गेल्यावर पाणी मिळेल" ही सवय अंगात मुरलेली असते. ती सवय मेडोजच्या पार्किंगमध्ये सोडून जा.

चकवा

माझं मत उलटं: स्पूनरहून निघावं. मोठा चढ पहाटेच्या गारव्यात संपतो, स्नो व्हॅलीचा उघडा पट्टा सकाळी दहाच्या आत मागे पडतो आणि दुपारच्या विजांच्या वेळी तुम्ही मेडोजकडच्या जंगलात असता. उत्तरेकडून येणारे बरोबर दोन-तीन वाजता, वाईट वेळी, सर्वांत उघड्या जागी पोहोचतात.

आडवाट

विजांचा मुद्दा बिनतोड आहे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचे ढग जमणार असा अंदाज असेल तर चकवा म्हणतात तसंच करा.

पण दोन गोष्टी त्याविरुद्ध आहेत. एक, चढ दीडेक हजार फुटांनी वाढतो. दोन, शेवटचे नऊ मैल (टनेल क्रीक ते मेडोज) दमलेल्या पायांनी पुन्हा उंचीकडे चालायचे. तो पट्टा नकाशावर सपाट वाटतो, पायांना वाटत नाही. जूनअखेर किंवा सप्टेंबरात आकाश निरभ्र असताना मी उत्तर-दक्षिणच सुचवेन.

विजा झाल्याच तर: ढग काळवंडायला लागताच धार सोडा, गडगडाटाची वाट पाहू नका. धारेवर एकट्या उभ्या झाडाखाली थांबू नका. खालच्या बाजूच्या एकसारख्या उंचीच्या दाट झाडीत जा. काठ्या बाजूला ठेवा, एकमेकांपासून अंतर ठेवून बसा.

निळावंती

मुक्कामाला परवानगी लागते का? आणि तंबू मध्येच कुठेही लावला तर चालतं का?

रानजाई

नाही चालत. वाटेचा दक्षिणेकडचा मोठा भाग लेक टाहो नेवाडा स्टेट पार्कच्या हद्दीत आहे आणि त्या हद्दीत ठरलेल्या तळांवरच तंबू: मार्लेट पीक, हॉबार्ट आणि नॉर्थ कॅन्यन. शुल्क आहे. निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर सध्याचा दर आणि नियम बघा. मार्लेट पीकला मेजं, शौचालय आणि अन्न ठेवायला लोखंडी पेट्या आहेत. कचरा मात्र सगळा परत न्यायचा.

अस्वलं इथे काळी, माणसाला घाबरणारी, पण अन्नाची चटक लागलेली. पेट्या सामायिक असतात आणि शनिवारी भरून जातात, त्यामुळे स्वतःचा कडक डबा असलेला बरा. अशा डब्यांपैकी बेअरव्हॉल्ट ४५० म्हणजे ७.२ लिटर, दोघांना एका रात्रीसाठी पुरतो. ५०० हा ११.५ लिटरचा, चौघांना एक रात्र. डबा तंबूपासून सत्तर पावलांवर, सपाट जागी, झाडाला न बांधता. कड्याच्या किंवा ओघळीच्या जवळ ठेवला तर अस्वल तो लोटून घालवतं.

डब्यात फक्त जेवण नाही. टूथपेस्ट, सनस्क्रीन, च्युइंगगम, औषधांची गोड गोळी, रिकामी वेष्टनं, सगळं. आपल्या लोकांच्या बाबतीत खास सांगायचं तर लसणाची चटणी आणि मेतकूट दुहेरी पिशवीत. त्यांचा वास सॅकच्या कापडात दोन दिवस राहतो. आणि अस्वलापेक्षा आधी चिपमंक येतात. सॅकच्या खिशात शेंगदाण्याचा दाणा राहिला तरी कापड कुरतडून भोक पाडतात. रात्री सॅकचे सगळे खिसे उघडे ठेवा, म्हणजे त्यांना कुरतडायचं कारण उरत नाही.

पाणवठा

हापशाबद्दल सविस्तर, कारण सगळा बेत त्यावर टांगलेला आहे.

तो हंगामी आहे. हिवाळ्यात बंद, आणि उन्हाळ्यातही मध्येच नादुरुस्त असू शकतो. निघण्याच्या आदल्या दिवशी टाहो रिम ट्रेल असोसिएशनच्या संकेतस्थळावरची पाण्याची माहिती बघा. महिनाभर जुन्या टिपणावर जाऊ नका.

वापरताना: सुरुवातीचे हापसे कोरडे जातात, लोकांना वाटतं बंद आहे आणि निघून जातात. दांडा पूर्ण वर-खाली करत राहा. पहिलं पाणी गंजकट आलं तर वाहू द्या, मग बाटली लावा. एकाने हापसायचं, दुसऱ्याने धरायचं. एकटे असाल तर पातेलं खाली ठेवा. पाणी गाळूनच प्या.

बंद निघाला तर? पर्याय मार्लेट लेक. त्यासाठी वाट सोडून उतरावं लागतं आणि परत चढ. म्हणून मी सांगतो, टनेल क्रीक ओलांडताना दीड लिटर शिल्लक नसेल आणि हापशाची ताजी खात्री नसेल तर पुढे जाऊ नका. टनेल क्रीक रस्ता हाच सुटकेचा रस्ता आहे: तीनेक मैल, सोळाशे फूट खाली, थेट २८ क्रमांकाच्या महामार्गावर, इन्क्लाइन व्हिलेजजवळ.

ट्विन लेक्सचं पाणी घ्यायची वेळ आलीच तर आधी बंडानाच्या दुहेरी घडीतून गाळा, भांड्यात पंधरा मिनिटं स्थिर ठेवा, वरचं पाणी फिल्टरमध्ये घाला. गाळ थेट दाबलात तर पिळायचा फिल्टर दोन लिटरांत तुंबतो. बॅकफ्लश करायची (उलट बाजूने पाणी मारून फिल्टर साफ करायची) पिचकारी घरी ठेवून जाऊ नका, तिचं वजन ३० ग्रॅम आहे.

आणि सप्टेंबरपासून पुढे फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. पाणी शोषलेला पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून फाटतो. बाहेरून काहीच कळत नाही, पाणीही व्यवस्थित येतं, फक्त गाळलं जात नाही.

पायपीट

नुसतं पाणी ढोसू नका, हेही जोडा. सहा-सात लिटर साधं पाणी आणि मीठ नाही, तर रक्तातला सोडियम उतरतो: मळमळ, डोकं जड, बोटं सुजणं. लोक त्याला उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पितात. दर दुसऱ्या लिटरला ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. मिठाची पुडी आणि लिंबाचं लोणचं सोबत असलं तर बाकी काही शोधायची गरज नाही.

खाण्यात: धपाटे किंवा दशम्या दोन दिवस टिकतात आणि कोरड्या हवेत बुरशी धरत नाहीत, फक्त कडक होतात. तूप थोडं जास्त घाला. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, सुकं अंजीर. भाकरी नेऊ नका, दुपारपर्यंत तिचा पापड होतो.

रात्री डाळ-तांदूळ शिजवायचा हट्ट नको. आठ हजार फुटांवर पाणी ९२ अंशांच्या आसपास उकळतं. मुगाची डाळसुद्धा साध्या पातेल्यात फार वेळ घेते आणि गॅस संपतो. घरी भाजून केलेलं उपम्याचं मिश्रण, दडपे पोहे, किंवा आधी शिजवून वाळवलेली खिचडी. शंभर ग्रॅमचं गॅसचं लहान सिलिंडर दोघांच्या एका रात्रीला आणि सकाळच्या चहाला सहज पुरतं.

टाचणी

शेकोटी?

रानजाई

विसरा. उन्हाळ्यात आगीवर बंदी असते, त्यातही गॅसचा बंद करता येणारा स्टोव्ह बहुतेक वेळा चालतो, पण त्या आठवड्याचा आदेश बघून जा. हे पाइन आणि मॅन्झनिटाची झुडपं म्हणजे तेल भरलेलं सरपण आहे. २०२१ चा कॅल्डोर वणवा सिएराचा माथा ओलांडून टाहो खोऱ्यात उतरला होता आणि साउथ लेक टाहो गाव रिकामं करावं लागलं होतं. ऑगस्टच्या मध्यापासून पुढे हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक (एक्यूआय) रोज सकाळी बघा. १५० च्या वर असेल तर दहा तास धापा टाकत चालण्यात अर्थ नाही, बेत पुढे ढकला.

गारगोटी

पायांबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. ही वाट बांधलेली, रुंद, चढ सौम्य. हात लावून चढायचं काही नाही. पण स्नो व्हॅलीनंतरच्या उतारावर घसारा आहे. कुजलेल्या ग्रॅनाइटचे ज्वारीएवढे खडे टणक पायवाटेवर सुटे पडलेले, पाय त्यावरून गोट्यांवरून सरकावा तसा सरकतो. इथे लोक पडतात ते चढावर नाही, विसाव्या मैलाला गप्पा मारत उतरताना. पावलं छोटी टाका, वजन पुढच्या पायावर ठेवा. टाच रोवून मागे रेललात की बसलातच.

वाळू बुटात जाते. घोट्यापर्यंतचे पातळ गेटर्स (बुटाचं तोंड झाकणारी कापडी आवरणं) घाला, लोकरीचे मोजे दोन जोड, आणि मार्लेट पीकला बूट काढून झटका. उंच घोट्याचे जड बूट गरजेचे नाहीत. तळ चांगला पकडणारे ट्रेल रनर पुरतात.

जूनमध्ये उत्तरेकडच्या उतारावर झाडांच्या सावलीत बर्फाचे पट्टे राहतात. सकाळी ते काचेसारखे कडक, दुपारी गुडघाभर भुसभुशीत. हिवाळा जोरात गेला असेल तर जुलैच्या सुरुवातीपर्यंत. अशा वर्षी मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे बर्फाचे काटे) ठेवा. वाटेच्या खुणा झाडांवर, फिकट निळ्या त्रिकोणी पाट्या. बर्फात पायवाट दिसेनाशी झाली की त्याच शोधायच्या.

चकवा

वारा राहिला. दुपारी पश्चिमेकडून सुटतो, स्थानिक नाव वॉशो झेफर. खालची नेवाडाची जमीन तापते, हवा वर जाते आणि सिएरावरची हवा पूर्वेकडे ओढली जाते. स्नो व्हॅलीच्या खांद्यावर झाडं नाहीत, त्यामुळे जुलैतही विंडचीटर लागतो. टोपीला दोरी असू द्या. तंबू लावताना पश्चिमेला पाठ करून लावा, खुंट्या वाळूत धरत नाहीत, दगडाला दोर गुंडाळा.

टाचणी

गाडीचं गणित कसं करायचं? आमच्याकडे दोन गाड्या आहेत, माणसं सहा.

आडवाट

दोन्ही गाड्या आधी शेवटच्या टोकाला. एक तिथे सोडा, सगळे दुसऱ्या गाडीतून सुरुवातीला. (सहा जण मावणारी गाडी वर न्यायची, हे लोक नेमकं उलटं करतात.) दोन टोकांमध्ये ४३१ ने इन्क्लाइनला उतरून २८ ने किनाऱ्याकिनाऱ्याने, मग यूएस ५० वर डावीकडे, वीस-बावीस मैल. एरवी ३५-४० मिनिटं, पण उन्हाळ्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठनंतर सँड हार्बरपाशी तुंबतं. म्हणून साडेपाचला स्पूनरवर गाडी लावून साडेसहाला मेडोजवर पाऊल. नाहीतर शुक्रवारी रात्रीच गाडी सोडून या.

घोळ होतो तो इथे: स्पूनर लेक आणि स्पूनर समिट या दोन वेगळ्या जागा आहेत. लेक २८ वर आहे, राज्य उद्यानाचं सशुल्क पार्किंग. समिट यूएस ५० वर, पाऊण-एक मैल पुढे, तिथे पार्किंग फुकट. वाट समिटला संपते. नकाशाच्या ॲपमध्ये नुसतं "स्पूनर" टाकलं तर ते बहुधा लेकला नेतं. समिटलाही महामार्गाच्या दोन्ही बाजूंना पार्किंग आहे. उत्तरेच्या बाजूला लावा, नाहीतर दमलेल्या पायांनी अंधारात यूएस ५० ओलांडायला लागेल. तिथे गाड्या उतारावर जोरात येतात.

नेटवर्क धारेवर येतं-जातं. नकाशा आधी उतरवून घ्या. नव्या फोनवर उपग्रहावरून आणीबाणीचा निरोप जातो, पण त्यासाठी आकाश मोकळं लागतं. दाट झाडीत उभे राहून पाठवू नका.

निळावंती

समुद्रसपाटीवरून थेट आलो तर उंचीचा त्रास होतो का? आणि सोबत भारतातून आलेले सासू-सासरे असतील, त्यांच्यासाठी काही छोटं?

पायपीट

शुक्रवारी रात्री दहाला निघून शनिवारी पहाटे थेट ८,७०० फुटांवर चालायला लागलं की डोकेदुखी बऱ्याच जणांना होते. एक रात्र किनाऱ्यावर सहा हजार फुटांवर झोपलात तरी फरक पडतो. डोकेदुखीसोबत उलटी किंवा चालताना तोल जायला लागला तर वाद न घालता खाली उतरायचं. इथे खाली उतरणं सोपं आहे, तासाभरात हजार-दीड हजार फूट.

ज्येष्ठांसाठी: टाहो मेडोजलाच सव्वा मैलाच्या आसपासची सपाट फेरी आहे, लाकडी फळ्यांची, चाकाची खुर्चीही जाते. जुलैत गवत आणि फुलं असतात, डासही असतात. उंची मात्र तीच, त्यामुळे हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर त्याऐवजी स्पूनर लेकभोवतीची दोनेक मैलांची फेरी बरी, ती सात हजारांवर आहे.

मधला पर्याय: स्पूनर लेकहून नॉर्थ कॅन्यनमधून मार्लेट लेक. एका बाजूने पाचेक मैल, हजार-बाराशे फूट चढ, ओढ्याच्या काठाने सावली. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तिथले ॲस्पेन पिवळे होतात. खोडांवर जुन्या बास्क मेंढपाळांनी कोरलेली नावं आणि तारखा आहेत. त्यात आपली भर घालू नये, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

गारगोटी

मार्लेट लेक नैसर्गिक वाटतं, पण त्याचं पाणी बांध घालून वाढवलेलं आहे, ७,८२३ फुटांवर. स्नो व्हॅलीवरून बघितलं की मार्लेट वर आणि टाहो त्याच्या सोळाशे फूट खाली, एकाच नजरेत. १८५९ मध्ये पूर्वेला कॉमस्टॉक नावाच्या शिरेतली चांदी सापडली, व्हर्जिनिया सिटी उभी राहिली आणि तिथे पाणी नव्हतं. मग इथून डोंगर पोखरून बोगदा आणि लाकडी पन्हळीने पाणी पलीकडे नेलं, वॉशो खोरं उलट्या सायफनच्या (खाली उतरून पलीकडे पुन्हा वर चढणाऱ्या) लोखंडी नळाने ओलांडलं. नळाचं काम १८७३ चं. ती व्यवस्था अजून पाणी पुरवते. आजची फ्लूम ट्रेल त्याच पन्हळीच्या बाकावर आहे. आणि खाणींच्या आधारासाठी पूर्व किनाऱ्याचं जंगल जवळजवळ सगळं तोडलं गेलं. आता दिसणारी झाडं बहुतेक त्यानंतरची आहेत.

फ्लूम ट्रेलवर पायी जायला बंदी नाही, पण ती सायकलवाल्यांची आहे, अरुंद, एका बाजूला कडा. शनिवारी पायी जाण्यात मजा नाही.

चकवा

सायकलींवरून आठवलं. मेडोज ते टनेल क्रीक रस्ता या नऊ मैलांत सायकली फक्त सम तारखांना. विषम तारखेला निघा, पहिला निम्मा दिवस शांततेत जातो.

टाचणी

मग दोन दिवसांचा बेत असेल तर एक दिवस सम येणारच ना?

चकवा

येऊ दे. हा नियम फक्त त्या उत्तरेच्या नऊ मैलांना आहे. उत्तरेकडून निघालात तर पहिला दिवस विषम हवा. माझ्यासारखे स्पूनरहून निघालात तर दुसरा दिवस विषम हवा, म्हणजे सम तारखेला निघायचं. सायकल आलीच तर नियमाने तिने थांबायचं असतं, घोडा आला तर तुम्ही आणि सायकल दोघांनी. घोड्यासाठी वाटेच्या उताराच्या बाजूला उतरून उभे राहा आणि बोलत राहा, म्हणजे त्याला कळतं की हे माणूस आहे.

निळावंती

आम्ही स्पूनरपासून पुढे दक्षिणेला किंग्सबरीपर्यंतही जोडायचा विचार करत होतो, तीन दिवसांचं.

पाणवठा

तो तुकडा १२-१३ मैलांचा आणि पूर्ण कोरडा. जिनोआ पीकच्या बाजूने चढ, साउथ कॅम्प पीकवरून टाहोचा उत्तम देखावा, आणि एजवुड क्रीकपर्यंत एकही भरवशाचा झरा नाही. पाणी स्पूनरलाच भरावं लागेल, आणि समिटच्या पार्किंगमध्ये नळ नाही. म्हणून स्पूनर समिटला सोडलेल्या गाडीत आठ-दहा लिटरचे कॅन ठेवा. दोन दिवस गाडीत तापलं तरी पाणी पाणीच राहतं. त्यासोबत खाण्याचं काही गाडीत ठेवू नका, अस्वलं गाडीचं दार उघडतात.